ॲव्हरेज कुठं गेलं?

गाडी रस्त्यात बंद पडली की निदान तुलनेनं सोपं असतं. काहीतरी तुटलेलं, जळलेलं किंवा अडकलेलं असतं. ते सापडतं, बदललं जातं, गाडी सुरू होते. ॲव्हरेज हळूहळू उतरण्याचं दुखणं असं समोर येत नाही. दोन वर्षांपूर्वी लिटरला १७ किलोमीटर जाणारी गाडी दिवाळीत १६ वर आलेली असते, उन्हाळ्यात १५ वर, आणि आता साडेचौदाच्या पुढे सरकत नाही. पिकअप ठीक, धूर नाही, आवाज नाही, डॅशबोर्डवर एकही दिवा लागलेला नाही. गॅरेजमध्ये विचारलं तर दोनपैकी एक उत्तर मिळतं. एक म्हणजे ‘गाडी जुनी झाली साहेब, आता एवढंच देणार.’ दुसरं म्हणजे एअर फिल्टर, प्लग, इंजेक्टर क्लीनिंग, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग अशी भलीमोठी यादी. ही दोन्ही उत्तरं मला मान्य नाहीत. नीट राखलेल्या इंजिनाचं ॲव्हरेज नुसत्या वयानं इतकं पडत नाही, म्हणून पहिलं चूक. दुसऱ्यात कारण सापडण्याआधीच इलाज सुरू झालेला असतो, आणि त्याचे पैसे आपण भरतो.

१७ वरून साडेचौदा म्हणजे शंभर किलोमीटरला ५.९ लिटरऐवजी ६.९ लिटर. महिन्याला हजार किलोमीटर चालणाऱ्या गाडीत दहा लिटर पेट्रोल जास्त जातं. या दहा लिटरांमागे बहुधा एकच दोष नसतो. चार-पाच छोट्या गोष्टी मिळून ते खातात, आणि त्यांतल्या निम्म्याहून जास्त इंजिनाबाहेर असतात. म्हणून शोधाचा क्रम महत्त्वाचा: आधी आकडा तपासायचा, मग इंधन, मग रस्ता, मग चाकं. बॉनेट सगळ्यात शेवटी उघडायचं.

डॅशबोर्डवर दिसणारं ॲव्हरेज गाडीचा संगणक हिशेबानं काढतो. इंजेक्टर किती वेळ उघडे होते त्यावरून पेट्रोलचा अंदाज बांधायचा, अशी त्याची रीत. बहुतेक गाड्यांत हा आकडा प्रत्यक्षापेक्षा थोडा चढा असतो. खरी पद्धत जुनीच, टाकी फुल ते टाकी फुल. पण तीही लोक घाईत करतात. नोझलचा ऑटो-कट पंपागणिक आणि गाडी किती तिरकी उभी आहे त्यानुसार अर्धा ते एक लिटर मागेपुढे होऊ शकतो. दहा लिटर भरून हिशेब केला तर एवढ्यानंच पाच ते दहा टक्क्यांची चूक होते आणि १७ ची गाडी कागदावर साडेपंधराची होऊन बसते. तीन टाक्यांचे मिळून नव्वद-शंभर लिटर धरले तर तीच चूक एका टक्क्याच्या आसपास येते. पंप शक्यतो तोच ठेवा, आणि नोझल एकदा कट झाला की थांबा. राउंड फिगरसाठी वरून दोन-तीनदा दाबून भरलेलं पेट्रोल हिशेब बिघडवतंच, शिवाय टाकीतली वाफ शोषून घेणाऱ्या कोळशाच्या डब्यात शिरून तोही खराब करतं.

पंपाबद्दलच शंका असेल तर तिचं निरसन तिथल्या तिथे करता येतं. प्रत्येक पंपावर वैधमापनशास्त्र विभागाचा शिक्का असलेलं पाच लिटरचं माप ठेवावं लागतं आणि ग्राहकाला त्यात मोजून दाखवा म्हणण्याचा हक्क आहे. पाच लिटरमागे २५ मिलिलिटरपर्यंतचा फरक चालतो, म्हणजे अर्धा टक्का.

हिशेबातली दुसरी बाजू किलोमीटरची, आणि ती सहसा कुणी तपासत नाही. ‘नवे टायर टाकल्यापासून ॲव्हरेज पडलं’ ही तक्रार गॅरेजमध्ये नेहमी ऐकू येते. तिच्यात तथ्य आहे. गाडी चाकाचे फेरे मोजते, रस्ता मोजत नाही. नव्या टायरची नक्षी साधारण ८ मिलिमीटर खोल असते आणि कायद्यानं ती १.६ मिलिमीटरपर्यंत झिजू देता येते. छोट्या गाडीच्या चाकाची त्रिज्या ३०० मिलिमीटरच्या आसपास असते. त्यातले सहा मिलिमीटर झिजले की चाक दोन टक्के लहान होतं, तेवढ्याच अंतरात दोन टक्के जास्त फिरतं, आणि मीटर दोन टक्के जास्त किलोमीटर दाखवतो. म्हणजे गुळगुळीत टायरवर दिसणारं ॲव्हरेज फुगलेलं होतं. नव्या टायरांनी ते जमिनीवर आणलं. दिसायला छान म्हणून एक माप मोठे टायर बसवले असतील तर उलटी चूक होते, मीटर कमी किलोमीटर मोजतो. एक्स्प्रेसवेवर बाजूच्या किलोमीटरच्या खांबांशी मीटर ताडून पाहा. पन्नास किलोमीटरांत किती फरक पडतो ते लगेच कळेल.

कंपनीच्या माहितीपत्रकातल्या आकड्याशी मात्र तुलना करू नका. पुण्यातली १९६६ साली स्थापन झालेली एआरएआय ही संस्था ज्या चाचणीवरून ॲव्हरेज प्रमाणित करत आली, ती प्रयोगशाळेत रोलरवर होते, एसी बंद ठेवून, ठरलेल्या चक्रानुसार, ताशी ९० किलोमीटरच्या आत. एका गाडीची दुसरीशी तुलना करायला तो आकडा उपयोगी आहे. तुमच्या गाडीचं निदान तिच्याच जुन्या आकड्यांवरून करायचं, आणि तेही शक्य तर मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी ताडून. मे महिन्यात एसी लावून फिरणारी गाडी आणि जानेवारीत काचा उघड्या ठेवून फिरणारी गाडी एका मापानं मोजता येत नाही.

आता इंधन. गेल्या काही वर्षांत ज्यांचं ॲव्हरेज हळूहळू उतरलं, त्यांच्या बाबतीत एक कारण गाडीत नसून टाकीत आहे. जून २०२२ मध्ये देशानं पेट्रोलमध्ये सरासरी दहा टक्के इथेनॉलचं उद्दिष्ट गाठलं. फेब्रुवारी २०२३ पासून वीस टक्क्यांचं ई-२० पेट्रोल निवडक पंपांवर येऊ लागलं आणि २०२५ पर्यंत ते जवळपास सगळीकडे पोहोचलं. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, इथेनॉलमध्ये सुमारे २१. हिशेब मांडला तर ई-२० मध्ये निव्वळ पेट्रोलपेक्षा जवळजवळ सात टक्के आणि ई-१० पेक्षा साडेतीन टक्के ऊर्जा कमी भरते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातही हे स्पष्ट लिहिलं होतं: मुळात शुद्ध पेट्रोलसाठी रचलेल्या आणि ई-१० साठी जुळवलेल्या चारचाकीचं ॲव्हरेज ई-२० वर सहा ते सात टक्क्यांनी घटेल, आणि ई-१० साठी रचून ई-२० साठी जुळवलेल्या गाडीचं एक-दोन टक्क्यांनी. इथेनॉलमुळे ऊस पट्ट्यातल्या डिस्टिलऱ्यांना बाजार मिळाला, तेवढी तेलाची आयात टळली, हे फायदे खरे आहेत. पण तुमच्या जुन्या गाडीच्या ॲव्हरेजच्या वहीत ही घट येणारच, आणि कुठलाही मेकॅनिक ती परत आणू शकत नाही. ती आधीच वजा करा, म्हणजे नसलेल्या दोषावर पैसे जाणार नाहीत.

रस्त्याचा हिशेब याहून मोठा निघतो. समजा ऑफिस १४ किलोमीटरवर आहे आणि पूर्वी अर्धा तास लागायचा. १७ च्या ॲव्हरेजनं त्याला ०.८२ लिटर पेट्रोल लागत होतं. मधे कुठेतरी उड्डाणपुलाचं काम निघालं, आता पाऊण तास लागतो. वाढलेली पंधरा मिनिटं इंजिन जागच्या जागी चालतं, एसी सुरू असतो. छोटं पेट्रोल इंजिन अशा वेळी तासाला पाऊण ते एक लिटर पितं. पंधरा मिनिटांत ०.२ लिटर धरलं तरी एकूण १.०२ लिटर होतं, आणि ॲव्हरेज १३.७. गाडीत तसूभर दोष नसताना १७ ची १३.७ झाली! म्हणून वहीत ॲव्हरेजशेजारी सरासरी वेगही लिहावा. बहुतेक गाड्यांच्या डिस्प्लेवर तो दिसतो. ताशी २८ वरून १९ वर आलेला वेग सगळं सांगून जातो. वेग तोच राहून ॲव्हरेज पडलं असेल, तर मात्र गाडीकडे वळायला हवं.

इथून पुढे चाकं, आणि इथे वेळ घालवणं सार्थकी लागतं.

सपाट रस्त्यावर ताशी ५० च्या वेगानं जाणाऱ्या छोट्या गाडीला पुढे ढकलायला किती जोर लागतो? टायरांचा अडथळा आणि हवेचा अडथळा मिळून साधारण १८ ते २० किलो वजन उचलायला लागेल एवढाच. टनभर वजनाची गाडी इतक्या थोड्या जोरावर पळते. म्हणूनच कुठल्या तरी एका चाकाचा ब्रेक दोन किलोच्या जोरानं जरी घासत राहिला, तरी चाकांवरचा भार दहा टक्क्यांनी वाढतो. ब्रेक पूर्ण जाम झाला तर वास येतो, धूर येतो, गाडी एका बाजूला ओढते; लगेच लक्षात येतं. थोडासा घासणारा ब्रेक महिनोन् महिने कळत नाही. कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्यांचं ग्रीस वाळतं, पिनांवर गंज चढतो, ब्रेक दाबल्यावर पॅड डिस्कला चिकटतात पण सोडल्यावर पुरते मागे येत नाहीत. चार महिने पाऊस आणि खारी हवा असलेल्या कोकणात आणि गोव्यात हे फार होतं. पावसाळ्यात हँडब्रेक ओढून आठवडाभर उभ्या ठेवलेल्या गाडीचे मागचे लायनर ड्रमला चिकटतात, तेही याच जातीचं दुखणं.

तपासणी घरच्या घरी होते. सकाळी रिकाम्या रस्त्यावर सात-आठ किलोमीटर, शक्य तितका कमी ब्रेक वापरत गाडी चालवा. शेवटी ब्रेक न मारता गाडी आपोआप थांबू द्या. उतरून प्रत्येक चाकाच्या रिमजवळ तळहात न्या, डिस्कला हात लावू नका. पुढची दोन्ही चाकं सारखीच कोमट असायला हवीत, मागची दोन्ही सारखीच. डावं गार आणि उजवं चांगलंच तापलेलं असेल तर दोष सापडला. मग जॅकवर चाक उचलून, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून हातानं फिरवून पाहा. पॅडचा हलका खरखर आवाज चालतो, पण चाक फिरवायला जोर लागता कामा नये. गुरगुर ऐकू आली तर बेअरिंग गेलेलं आहे. पिना साफ करून ब्रेकचं ग्रीस लावणं हे तासाभराचं काम आहे, आणि दर पावसाळ्यानंतर ते करून घ्यावं असं माझं मत आहे.

हवेबद्दल सगळे सांगतात, पाळणारे थोडे. चांगला टायरसुद्धा महिन्याला एखादा पीएसआय हवा सोडतो. चारही चाकांत एक पीएसआय कमी झाला की खप साधारण ०.२ टक्के वाढतो. ३३ ऐवजी २७ वर चालणारी गाडी सव्वा टक्का जास्त पेट्रोल खाते, आणि टायरच्या कडा झिजतात ते वेगळंच. हवा गार टायरमध्ये तपासावी. दहा-बारा किलोमीटर चालवून पंपावर गेलात तर आकडा दोन-तीन पीएसआयनं चढलेला दिसेल, आणि कमी असलेली हवा पुरेशी वाटेल.

चाकं निर्दोष निघाली तर बॉनेट उघडू. प्रीमियर पद्मिनीच्या काळात कार्बोरेटर होता. एअर फिल्टर तुंबला की हवा कमी पडायची, मिश्रण रिच (हवेच्या मानानं पेट्रोल जास्त) व्हायचं, सायलेन्सर काळा धूर टाकायचा आणि ॲव्हरेज पडायचं. ‘ॲव्हरेज कमी झालं की फिल्टर बदला’ हा सल्ला तेव्हा बरोबर होता. आजच्या पेट्रोल गाडीला तो लागू पडत नाही. अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेनं २००९ मध्ये आधुनिक गाड्यांच्या फिल्टरमधून जाणारी हवा मुद्दाम अडवून चाचण्या केल्या. जोरदार ॲक्सिलरेशन मंदावलं, इंधनाचा खप मात्र म्हणण्यासारखा वाढला नाही. कारण आजचं इंजिन आत आलेल्या हवेचा अंदाज सेन्सरवरून घेतं आणि तेवढ्याच हवेपुरतं पेट्रोल सोडतं. शुद्ध पेट्रोलसाठी वजनानं १४.७ भाग हवेला एक भाग. जळून गेलेल्या धुरात ऑक्सिजन किती उरला हे एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर सांगतो आणि ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, त्यानुसार प्रमाण सेकंदासेकंदाला सुधारत राहतो. फिल्टर वेळेवर बदलावा, इंजिनाच्या आयुष्यासाठी. ॲव्हरेज परत मिळेल या आशेनं बदलू नये.

सेन्सर आणि ईसीयूची ही दुरुस्तीची साखळी नीट चालू असेल तर इंजिन हवेच्या मानानं जास्त पेट्रोल पिऊच शकत नाही. मग ते जास्त पितं कधी? एक, चाकांकडून जास्त काम मागितलं जातं तेव्हा. ते आपण पाहिलं. दोन, ईसीयूला इंजिन गार आहे असं वाटत राहतं तेव्हा. तीन, ऑक्सिजन सेन्सर चुकीची बातमी देतो तेव्हा. हळूहळू पडणाऱ्या ॲव्हरेजमागचे इंजिनाचे बरेचसे दोष या शेवटच्या दोन्हींत बसतात.

गार इंजिनाची गोष्ट आधी. सकाळी सुरू केलेलं इंजिन तापेपर्यंत ईसीयू जास्त पेट्रोल सोडतो, कारण गार धातूवर पेट्रोल नीट वाफ होत नाही. कूलंट तापेपर्यंत रेडिएटरकडची वाट बंद ठेवण्याचं काम थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह करतो आणि साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडू लागतो. तो उघडाच अडकला तर इंजिन कधी पुरतं तापतच नाही. आपल्याकडे याहून वाईट प्रकार चालतो: गाडी एकदा गरम झाली की काही गॅरेजवाले थर्मोस्टॅट काढूनच टाकतात, ‘आता गाडी कधी गरम होणार नाही’ असं सांगून. गाडी गरम होत नाही हे खरं, पण ती कायम हिवाळ्यात असल्यासारखी चालते, पेट्रोल जास्त जातं, ऑइलमध्ये पाणी आणि पेट्रोल साठून त्याचा चिखल होतो. अनेक गाड्यांत तापमानाचा काटा नसतो, फक्त निळा आणि लाल दिवा असतो, त्यामुळे मालकाला पत्ता लागत नाही. स्टिअरिंगखाली स्कॅनरसाठी सोळा पिनांचं सॉकेट असतं. त्यात बसणारा छोटा ब्लूटूथ स्कॅनर स्वस्तात मिळतो आणि मोबाइलवर कूलंटचं तापमान दाखवतो. दहा-पंधरा मिनिटांत ते ८५ ते ९५ अंशांत येऊन तिथेच राहायला हवं. मोकळ्या रस्त्यावर किंवा घाट उतरताना ते ६५-७० पर्यंत घसरत असेल तर थर्मोस्टॅट गेलेला आहे, किंवा जागेवरच नाही.

दुसरी गोष्ट सेन्सरची. एक्झॉस्टमधला नेहमीच्या प्रकारचा ऑक्सिजन सेन्सर ०.१ ते ०.९ व्होल्टच्या मधे सतत वरखाली नाचत असतो. लाखभर किलोमीटरनंतर तो सुस्तावतो. तापातून उठलेल्या माणसाला आमटी अळणी लागते आणि तो वर मीठ घेत राहतो, तसं या सेन्सरचं होतं: मिश्रण बरोबर असताना तो लीन, म्हणजे पेट्रोल कमी, सांगतो आणि ईसीयू पेट्रोल वाढवत जातो. सेन्सर चांगला असूनही फसतो, हे तर आणखी महत्त्वाचं. एखादा प्लग मधूनच ठिणगी चुकवत असेल तर न जळलेल्या हवेतला ऑक्सिजन तसाच एक्झॉस्टमध्ये येतो. सेन्सर फक्त ऑक्सिजन पाहतो, त्याला वाटतं पेट्रोल कमी पडलं. एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या गॅसकेटला बारीक चीर असेल तर बाहेरची हवा आत खेचली जाते आणि तीच चूक होते. अशा वेळी सेन्सर बदलून काही फायदा नाही. प्लग काढून चारही शेजारी ठेवून पाहावेत. बिस्किटाच्या रंगाचे असतील तर ठीक, चारही काजळलेले असतील तर मिश्रण रिच, एकच वेगळा दिसला तर दोष त्या सिलिंडरपाशी.

स्कॅनरवर फ्युएल ट्रिम नावाचा टक्केवारीचा आकडा दिसतो. ईसीयू मूळ हिशेबापेक्षा किती पेट्रोल वाढवतोय किंवा घटवतोय ते तो सांगतो. दीर्घकालीन ट्रिम दहा टक्क्यांच्या आत, अधिक किंवा उणे, असेल तर काळजी नाही. ई-१० साठी जुळवलेल्या गाडीत आज चार-पाच टक्के अधिक दिसलं तर तो ई-२० चा परिणाम समजावा. अधिक पंधरा दिसत असेल आणि प्लग काजळलेले असतील, तर सेन्सर फसतोय किंवा फसवतोय. पीयूसीच्या जुन्या पावत्याही काढून बघा. त्यांवर कार्बन मोनॉक्साइडचा आकडा छापलेला असतो. तो पास होण्याच्या मर्यादेत असूनही दर वेळी चढत असेल तर मिश्रण रिच होत चाललंय.

उरलेली कारणं थोडक्यात. क्लचप्लेट झिजली की घाटात ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनाचे फेरे वाढतात, वेग वाढत नाही. कंपनीनं पातळ ऑइल सांगितलेलं असताना जाड ऑइल भरलं तर एक-दोन टक्के जातात. सर्व्हिसिंगच्या बिलावर ग्रेड वाचा. बीएस-६ डिझेल गाडी रोज चार-पाच किलोमीटरच फिरत असेल तर एक्झॉस्टमधला काजळीचा फिल्टर पुरता स्वच्छ होत नाही. तो जाळून साफ करायला गाडी वारंवार जादा डिझेल सोडते. तिला आठवड्यातून एकदा अर्धा तास हायवेवर नेणं हाच तिचा इलाज.

आता सुरुवातीच्या गाडीचा हिशेब पुरा करू. ई-१० वरून ई-२०: साडेतीन टक्के, १७ ची १६.४ झाली. नवे टायर: दोन टक्के, १६.१. कमी हवा: एक टक्का, १५.९. मागच्या चाकाचा घासणारा ब्रेक: चार टक्के, १५.३. ऑफिसच्या वाटेवर थोडी वाढलेली कोंडी: पाच टक्के, साडेचौदा. एकही दोष असा नाही की ज्यानं दिवा लागावा. यातला ई-२० चा आणि टायरचा वाटा परत येणार नाही; कोंडीचा वाटा निघायची वेळ बदलली तर थोडाफार येईल. हवा आणि ब्रेक दुरुस्त करून साडेचौदाची सव्वापंधरा होईल. या गाडीला पुन्हा १७ देतो असं कुणी सांगितलं, तर त्याच्याकडे गाडी सोडू नका.

आणि गॅरेजमध्ये जाल तेव्हा ‘ॲव्हरेज कमी झालंय’ एवढंच सांगून चावी देऊ नका. तीन टाक्यांचा हिशेब, सरासरी वेग, कुठलं चाक तापतं आणि कूलंट किती अंशांवर स्थिरावतं, या चार गोष्टी कागदावर लिहून द्या. चांगला मेकॅनिक तो कागद वाचेल आणि तिथून कामाला लागेल. जो न वाचता बाजूला ठेवेल, त्याच्याकडून इंजेक्टर साफ करून घेण्याआधी दुसरं गॅरेज पाहा.